महाल बघायचा मोसम

अक्का, तुम्ही गेल्यावरची शिवगणाराधना काल झाली. जंगम जेवून गेले, पाहुणे गेले, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला. जाताना सगळे म्हणाले, स्वयंपाक चांगला झाला. मी मान हलवली. वरणात मीठ कमी होतं, पण ते तोंडावर सांगणारं माणूसच आता घरात नाही, म्हणून खपलं.

मला रडू येत नाही, हे तुम्हाला आधीच सांगून टाकते. पहिल्या दिवशीही आलं नाही. तुम्हाला भस्म लावून, हिरवं लुगडं नेसवून, आपल्या लिंगायतांत बसवतात तसं भिंतीला टेकवून बसवलं होतं. तुमची मान जरा डावीकडं कलली होती. बायका ऊर बडवत होत्या आणि माझ्या डोक्यात एकच, की अक्कांची मान अवघडंल, कुणीतरी उशी द्या. मी उशी आणायला आतसुद्धा गेले. आत गेल्यावर कशाला आले तेच विसरले आणि कपाटापाशी नुसती उभी राहिले. बाहेर कुणीतरी म्हणत होतं, "मंगलला रडवा गं. आसं आत धरून ठिवू नये बाईनं." मी काही आत धरून ठेवलं नव्हतं. आत काही नव्हतंच.

एकतीस वर्षं आपण उदगीरच्या ह्या घरात जावा-जावा म्हणून नांदलो. तुम्ही थोरल्या, मी धाकटी. तुम्ही देवणीच्या, बैलांची पारख करणाऱ्या बापाची लेक, चौथी शिकलेल्या. मी हिमायतनगरची, दहावी पास, आणि त्याचा तोरा मिरवणारी. जावांचं पटत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. आपण पापडखारावरून भांडलो, पाण्याच्या टाकीवरून भांडलो, पाहुण्यांना साडी कुठली द्यायची ह्यावरून भांडलो. पण सगळ्यांत लांबलेलं भांडण माहूरच्या गडावरच्या महालाचं. लोकांना सांगितलं तर हसतील. ज्या महालात आपण दोघींनी कधी पाऊल टाकलं नाही, तो कुठल्या मोसमात बघावा ह्यावरून आपण पंचवीस-सव्वीस वर्षं भांडलो.

तुम्हाला ती जीप आठवते? सासूबाईंनी सगळ्या घराला रेणुकादेवीच्या दर्शनाला नेलं होतं. तुमची सुनीता तुमच्या मांडीवर, माझं पोरगं माझ्या, आणि दोघंही ओकत होते. मुखेड, नांदेड, हिमायतनगर करत पोचेपर्यंत आपल्या साड्यांची पार दशा झाली होती. दर्शन झालं, ओटी भरली, आणि खाली येताना तुम्ही थबकलात. समोरच्या डोंगरावर तट दिसत होता आणि तटाच्या आत पडक्या कमानी.

"ते काय हो बाई?" तुम्ही नारळवालीला विचारलंत.

"राणीचा महाल हाय. पडलाय आता. कोन जातंय तिकडं."

सासूबाई मागून ओरडल्या, "देवीला आलाव, दगडं बघाय न्हाई. चला, जीपवाला बोंबलायलाय!"

मी त्याच बाजूची, पण मीही कधी वर गेले नव्हते. आमच्याकडचे लोक वर्षातून दोनदा माहूरला जातात आणि देवीच्या पायरीवरून माघारी येतात. गड हा समोरून बघायचा असतो, असंच मला वाटायचं. तुम्ही मात्र जीपच्या मागच्या फटीतून वळण येईपर्यंत बघत होतात. मग हळूच म्हणालात, "मंगल, राणी इतक्या वर ऱ्हात होती म्हंजे पाणी कोन नेत आसंल गं? आन् चूल कुठं आसंल तिची?"

मी तेव्हा हसले होते. महाल म्हटल्यावर मला झुंबर दिसलं, आरसे दिसले. तुम्हाला चूल दिसली. पण तुमचा तो प्रश्न मला चिकटला तो चिकटलाच. परत आल्यावर आपण ठरवलं, एकदा दोघीच जायचं. पोरं नकोत, सासू नको, देवीचं निमित्त नको. नुसता महाल बघायला. आणि ठरवलं त्याच दिवशी भांडण सुरू झालं.

मी म्हणाले, दसऱ्यानंतर जाऊ. डोंगर हिरवा असतो, हवा गार असते, गडावरच्या तळ्यात पाणी असतं.

तुम्ही म्हणालात, "छ्या! चैत्रात जायचं. माझा बाप काय म्हणायचा, ठावं हाय का? बैल बघावा तर उन्हाळ्यात. पावसाळ्यात समदेच गुटगुटीत दिसत्यात. उन्हाळ्यात हाडं दिसत्यात, तवा कळतंय जनावर कसं हाय ते."

"अहो, महाल काय बैल आहे का?"

"हाव. साग झडला की भिंती दिसतील समद्या. आन् तळ्यात पाणी टिकतंय का न्हाई तेबी कळंल. उन्हाळ्यात जिच्या घरात पाणी हाय तीच राणी. पावसाळ्यात काय, आपुन बी राणीच की!"

मी म्हणाले, "उन्हात चक्कर येऊन पडाल तेव्हा कळंल." तुम्ही म्हणालात, "पडंन, पर बघून पडंन."

गंमत अशी, की तुमच्या मोसमात तुम्हालाच फुरसत नसायची. चैत्र लागला की कुरडया, शेवया, पापड. गच्चीवर तुमचं राज्य. पाच घरच्या बायका, खाटांवर लुगडी, आणि मधोमध तुम्ही. तुमच्याशिवाय पापडाचं पीठ कुटलं तर ते चिरतं, असा तुमचा पक्का समज. माझ्या मोसमाची तऱ्हा वेगळी नव्हती. दसरा झाला की दिवाळीची साफसफाई, मग माहेरवाशिणी, मग तूर काढणी, मग येळवसेच्या अमावास्येला शेतावर अख्खं गाव जेवायला. दरसाल दोघींपैकी एक म्हणायची, औंदा जाऊत. दरसाल दुसरी म्हणायची, हा मोसम न्हाई.

एकदा मी पेपरातलं कात्रण आणून तुमच्यापुढं टाकलं. त्यात किल्ले बघायला कधी जावं ते छापलं होतं: ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मी पाहुण्यांसमोर ते मोठ्यानं वाचलं आणि वर म्हणाले, "छापलंय बघा. पण चौथी शिकलेल्यांना कोण सांगणार." पाहुणे हसले. तुम्हीही हसल्यासारखं केलंत. त्या दिवसापासून दोन महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. एका चुलीवर दोघी, आणि मधे सासूबाई निरोप्या. मग एके दिवशी तुम्हीच पेपर घेऊन माझ्याकडं आलात आणि म्हणालात, "मंगल, हितं काय लिवलंय वाच बरं, मला चष्मा न्हाई." चष्मा तुमच्या कपाळावर होता. मी वाचून दाखवलं. भांडण मिटलं. माफी मी मागितली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आज मागते म्हटलं तर ती कुणाच्या पदरात घालू?

आणि तो श्रावण? तो आठवला की माझं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. भाचीचा नवस फेडायला आपण बसनं माहूरला गेलो होतो. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं, पोरं मोठी झाली होती. नवस फिटला, आणि परतीच्या बसला चांगले तीन तास होते. भाची तिच्या नवऱ्याबरोबर बाजारात गेली. आपण दोघी मोकळ्या. पाय धड होते, पिशवीत दशम्या होत्या, आणि समोर तो डोंगर. त्यावर ढग असे बसले होते की कमान दिसंना, तट दिसंना.

मी म्हणाले, "जायचं का?"

तुम्ही म्हणालात, "ढगात काय दिसनार? एवढ्या लांबून आलाव, तर नीट बघावं. चैत्रात येऊत."

"दसऱ्यानंतर येऊ," मी म्हणाले. आणि आपण दोघी तिथंच, पायथ्याला, परत भांडलो. हॉटेलात चहा प्यायलो, बाकड्यावर बसून दशम्या खाल्ल्या आणि बसनं परत आलो. मला आठवतंय, आपण खूश होतो. दोघींनाही वाटत होतं की आपलंच खरं. पंगतीत बसून पान चुकीचं आहे म्हणून उपाशी उठणाऱ्या आपण, अक्का.

ह्या वर्षी माघात तुम्हाला जेवण जाईना. लातूरच्या दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी दादांना, म्हणजे तुमच्या मालकांना, आणि मला बाहेर बोलावलं. पोटात गाठ होती. पसरली होती. "दिवाळीपर्यंत काढतील असं मला वाटत नाही," ते म्हणाले. दादा भिंत धरून खाली बसले. मग उठले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "तिला सांगायचं न्हाई."

आपल्याकडं हे असंच चालतं. माणूस ऐकूनच हाय खाईल म्हणून सगळ्या गावाला सांगायचं, फक्त ज्याचं त्याला नाही. मला त्यात काही गैर वाटलं नाही. मीच आत येऊन तुम्हाला सांगितलं, "अल्सर आहे अक्का. तिखट बंद." तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "बरं."

चैत्र लागला. मी पापडाच्या बायका बोलावल्या, कारण तुम्हाला बरं वाटंल असं मला वाटलं. तुम्ही गच्चीवर सावलीला खुर्चीत बसला होतात. हात बारीक झाले होते, पण जीभ तशीच; एकीला म्हणालात, "पापड लाटायलीस का रोटी?" मग मला जवळ बोलावलंत.

"मंगल, औंदा पापड ऱ्हाऊ देत. माहूरला जाऊत."

अक्का, तुम्ही पापड सोडून निघाला होतात. मी हो म्हटलं असतं तर? पंचवीस वर्षं उन्हाला नको नको म्हणणारी मंगल एकदम चला म्हणाली, तर तुम्हाला कळलं नसतं का? तुम्ही म्हणाला असतात, हिला कशाची घाई झाली. तुमची नजर बैलवाल्याची, खूर उचलायच्या आधी खोट ओळखणारी. मला तुमच्यापुढं एकच बचाव होता, नेहमीसारखं भांडणं.

म्हणून मी भांडले. कमरेवर हात ठेवून म्हणाले, "ह्या उन्हात? डोकं फिरलंय का तुमचं? आधी अल्सर बरा करा. दसऱ्यानंतर जाऊ, हे मी तुम्हाला किती वर्षं सांगते आहे!"

तुम्ही थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिलात. मग म्हणालात, "हाव की. तुझ्या मोसमात जाऊत."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माघार घेतली. खरं सांगू? मला हायसं वाटलं. निभावलं म्हटलं. खाली येऊन दादांना सांगितलं, "संशय आला नाही." तेव्हा तुम्ही चालत होतात. अर्धी भाकरी खात होतात. गाडी करून गेलो असतो, वाटेत नांदेडला मुक्काम केला असता. निम्म्या वाटेपर्यंत गाडी जाते म्हणे. पुढं तुमचा हात धरून मी नेलं असतं. नाहीच जमलं तर पायथ्याला बसलो असतो आणि झडलेल्या सागातून भिंती बघितल्या असत्या. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं. दिसत असून मी नाही म्हणाले.

पुढं तुम्ही खाटेला धरलंत आणि रोज माहूरची बोलणी निघायला लागली. दुसरं बोलायचं तरी काय होतं आपल्याकडं? दुखण्याचं बोलायचं नाही, औषधाचं बोलायचं नाही, पुढच्या वर्षाचं बोलताना जीभ अडखळायची. राहिला महाल.

"दसऱ्याला देवीची गर्दी आसती गं. कोजागिरी झाल्यावर जाऊत."

"चालंल."

"थंडी पडंल का तवर? शाल घ्यावी का?"

"घ्या की. ती तपकिरी."

"ती नगं, ती टोचती. आन् दशम्या तू करू नको, तुझ्या वातड होत्यात. सुनीताला सांग."

"तुम्हीच करा मग!"

"करते की. तवर उठते मी."

तुम्ही हे म्हणायचात आणि मी उशी सारखी करायच्या निमित्तानं पाठ फिरवायची. आषाढ गेला, श्रावण गेला. भादव्यात घरात लक्ष्म्या बसल्या, उठल्या. त्यानंतर आठच दिवसांत, सकाळी, मी पेज चमच्यानं देत असताना, तुम्ही तोंड मिटलंत ते परत उघडलंच नाही. मी चमचा धरून किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. पेज गार झाली म्हणून गरम करून आणावी, असं माझ्या मनात आलं होतं.

हे सगळं मी तुम्हाला लिहिणार नव्हते. गेलेल्या माणसाला काय लिहायचं, असंच माझं मत. पण आज सकाळी सुनीता तुमची लुगडी घड्या घालत होती, आणि मी शेजारी बसून तिला सांगत होते, की बाई, आम्ही एवढं एक मात्र नीट सांभाळलं. तुझ्या आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. सुखानं गेली.

सुनीताचे हात थांबले. ती म्हणाली, "काकू, आईला माहीत होतं."

मी म्हणाले, "काय माहीत होतं?"

"सगळं. माघातच. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक बाई होती ना, तिच्या गोळ्या आणि आईच्या गोळ्या एकच होत्या. ती बाई आपलं दुखणं सगळ्यांना सांगायची. आईनं गोळ्या जुळवून बघितल्या आणि मला म्हणाली, तुझ्या बापाला सांगू नको. त्याला वाटतंय मला ठावं न्हाई, तर तसंच वाटू दे."

"मला का नाही सांगितलंस?"

"मी म्हणाले होते, काकूला तरी सांगते. तर आईनं शपथ घातली." सुनीता रडायला लागली. "म्हणाली, मंगलला तर मुळीच सांगू नको. ती भांडायली तर भांडू दे. ती दसऱ्याचं बोलती ना, तवा मला बी घडीभर वाटतंय की दसरा येनार हाय."

मी उठून गच्चीवर गेले. कशाला गेले ते सांगता येणार नाही. वर काही नव्हतं. खाटा उभ्या करून ठेवलेल्या होत्या. उभी राहून मी एकेक दिवस आठवत गेले. ती शाल, त्या दशम्या, कोजागिरी. तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दोघी मिळून आपण कुणाची तयारी करत होतो?

मला आधी राग आला, अक्का. अजून आहे. एकदा म्हणायचं होतं ना, मंगल, पुरे झालं, काढ गाडी. मी चप्पलसुद्धा न घालता निघाले असते. मग वाटलं, तुम्ही म्हणालाच होतात की. गच्चीवर, पापड सोडून, सगळ्या बायकांसमोर. ते म्हणणंच होतं. याहून सरळ तुम्ही आयुष्यात काही मागितलं नव्हतं. मी ते ऐकलं आणि तुम्हाला हवामान सांगितलं.

तुम्ही मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. उलट सहा महिने माझ्या खोट्यात माझ्याबरोबर बसलात, त्याला शाल घातलीत, दशम्या बांधून दिल्यात. एवढं माझ्यासाठी माझ्या आईनंही केलं नाही. त्यासाठी तुमच्या पाया पडते. आणि पाया पडता पडता तुम्हाला विचारावंसं वाटतं, की मी तुम्हाला घडीभराचा दसरा दिला असंल, पण तुमचा चैत्र घेतला त्याचं काय?

खाली आले तर सुनीता डोळे पुसून बसली होती. म्हणाली, "काकू, आपण जाऊ या एकदा. आईसाठी. तुम्ही सांगा कधी जायचं ते. तुम्हाला मोसम माहीत आहे."

मी सांगायला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पंचवीस वर्षं जे घडाघडा सांगत होते, गार हवा, हिरवा डोंगर, भरलेलं तळं, त्यातलं एकही आलं नाही. ती वाट बघत होती. मी नुसतं तुमचं लुगडं तिच्या हातातून घेतलं आणि उरलेली घडी घातली.

चैत्रात ऊन होतं, साग झडला होता, तळं आटलं असंल. आणि तुम्ही होतात. एवढंच बघायचं होतं अक्का, आणि मी ऊन बघत बसले.